दुपारची ड्यूटी

९ जानेवारी

प्रिय ठमे,

फोनवर मी नुसतं "हो, हो, बरंय" म्हणतो म्हणून तू रुसलीस. अगं, फोन वाजला की आप्पा येऊन माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यांच्याबद्दल त्यांच्या कानाशी मी काय बोलणार? त्यापेक्षा पत्र बरं. मी लिहायला बसलो की त्यांना वाटतं हिशेब चाललाय, आणि हिशेब करणाऱ्या माणसाला ते त्रास देत नाहीत.

तब्येत बरी आहे. सकाळभर शहाण्यासारखे असतात. जेवण झालं की मात्र त्यांची दुपारची पाळी सुरू होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अंगात कंडक्टर तसाच आहे. खाकी कोट घालतात, चामड्याची पिशवी गळ्यात अडकवतात आणि दाराशी जाऊन कडी हलवतात. "दार उघडा, माझी गाडी सुटेल." शेजारच्या काकू तेवढा वेळ येऊन बसतात, पण त्यांना ते आवरत नाहीत. मग काकू लॅबमध्ये फोन करतात आणि मी पळतो.

लॅबचं तुला माहीतच आहे. एका माणसाची कवळी एकाच हातानं पुरी करायची, ही आमची जुनी रीत. लॅबमधले सगळ्यात जुने कारागीर, आमचे काका, म्हणतात, दोन हातांचे दात एका तोंडात भांडतात. त्यामुळे मी मेणात निम्मे दात लावून पळालो की तो जबडा माझी वाट बघत तसाच पडून राहतो. लॅबमध्ये मी खरं कारण सांगितलेलं नाही. कधी पोट बिघडतं, कधी सायकल पंक्चर होते. बाकीच्यांच्या घरी आजारी माणसाला बघायला बायको असते, आई असते. आपल्या घरात मी आणि आप्पा. बापाला सांभाळायला घरी जातो म्हणून सांगायला जीभ उचलत नाही. उद्या म्हणतील, मग कामाला येतोस कशाला?

तू यायची धडपड करू नकोस. नवी नोकरी आहे, नीट पाय रोव. आप्पा तुझी आठवण काढतात.

तुझा,
दादा


२० जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवायचं राहिलं. सायकल पंक्चर! अरे, तुझी सायकल इतक्यांदा पंक्चर झाली तर लॅबवाले तुला नवी घेऊन देतील.

मी इथे डेपोत ड्यूट्या लावते. कुणी कुठली बस न्यायची, कुणी कुठल्या पाळीला यायचं, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. आप्पांना सांग, तुमची मुलगी कंडक्टरांच्याही डोक्यावर बसलीय. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. मॅनेजर तसं चारचौघांत म्हणतात आणि मी मान डोलावते, पण त्याचा अर्थ असा की मला एक दिवस सुट्टी मिळत नाही. घरी वडील आजारी आहेत हे मीही सांगितलेलं नाही. नवीन बाई, त्यात घरची रडगाणी, असं नको. बघ, आपण दोघं एकाच माळेचे मणी.

आज एक ड्रायव्हर आला होता, सगळे त्याला मिशी म्हणतात. मिशी आहेच तशी. कायमची सकाळची पाळी द्या म्हणाला. का, विचारलं तर खाली बघत उभा. मी म्हटलं, कारण नाही तर बदल नाही. तो गेला.

आप्पा माझी आठवण काढतात हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतेय. काय म्हणतात रे? ठमीच म्हणतात ना? दुपारी डेपोच्या आवारात खाकी कोट दिसले की मला घरच्या दाराशी उभं राहावंसं वाटतं. संध्याकाळी ते पाळीवरून यायचे तेव्हा उभी राहायचे तशी.

तू फार दमलायस. मी काहीतरी करते. काय ते विचारू नकोस.

ठमी


६ फेब्रुवारी

ठमे,

काय केलंस ते कळलं. तू आमच्या बाईंना पत्र लिहिलंस.

बाई लॅबच्या मालकीण असल्या तरी स्वतः टेबलावर बसून काम करतात. त्यांनी मला हाक मारली. डोळे पाणावलेले. "अरे, एवढं सगळं एकट्यानं सोसलंस?" मग सगळ्यांना गोळा केलं, सगळ्यांना सांगितलं. पॉलिश करणाऱ्या पोरीनं माझा हात धरला. काकांनी पाठ थोपटली. आणि बाईंनी मला महिनाभराची रजा देऊन टाकली, भरपगारी. माझ्या टेबलावर एका गृहस्थाचा खालचा जबडा होता, पुढचे दात लावून झाले होते, दाढा राहिल्या होत्या. तो उचलून काकांना दिला. जाताना फळांची पिशवी हातात दिली. सगळे इतके चांगले वागले की कुणावर ओरडायचीही सोय राहिली नाही.

म्हणून तुझ्यावर ओरडतो. कुणी सांगितलं होतं तुला?

आता मी दिवसभर घरी असतो. आप्पा मला एकच प्रश्न विचारतात, मी एकच उत्तर देतो. जेवण झालं की दाराशी झटापट. तू म्हणशील, बापाबरोबर दोन घटका बसायला जड जातं का? नाही गं. पण लॅबमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर मेण मऊ होतं, चिमट्यानं दात बसवतो, जबडा मिटून चाव बघतो, तेवढा वेळ मी कुणाचा मुलगा नसतो, कुणाचा भाऊ नसतो. मला काम येतं एवढंच असतं. तेवढ्यावर उरलेला दिवस निघायचा. तू नेमकं तेच काढून घेतलंस, आणि तेही प्रेमानं.

काल भाजी आणायला म्हणून बाहेर पडलो तो लॅबच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. आत गेलो नाही. माझ्या खुर्चीवर कुणीतरी डबे ठेवले होते.

दादा


१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

चुकलं. लांब बसून वाटतं, तुझ्या डोक्यावरचं एक ओझं तरी उतरवावं. कुठलं ओझं आणि कुठला आधार, ते इथून दिसत नाही. आता कानाला खडा.

पण एक गोष्ट सुचलीय, आणि ही तरी फसू नये. सोबत कागदांचा गठ्ठा पाठवतेय. डेपोचा छापील कागद, डेपोचा शिक्का, खाली ड्यूटी लावणाऱ्याची सही, म्हणजे माझीच. मजकूर असा: "वरिष्ठ कंडक्टर यांस कळविण्यात येते की आज आपली साप्ताहिक सुट्टी आहे." तारखेची जागा कोरी ठेवलीय. रोज जेवण झालं की तू तारीख घालून त्यांच्या हातात दे. तुझं-माझं ते ऐकणार नाहीत, पण डेपोच्या शिक्क्याचा हुकूम त्यांनी जन्मात मोडलेला नाही.

मॅनेजरांनी मला शिक्का मारताना बघितलं. कुठल्या कंडक्टरला इतक्या सुट्ट्या, म्हणाले. मी म्हटलं, फार जुना माणूस आहे, साठलेल्या आहेत.

सुट्ट्या चालल्या का ते लगेच कळव. कागद हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला का? आधी तसंच करायचे. मला इथून सगळं दिसतं रे, फक्त आत्ताचं दिसत नाही.

ठमी


३ मार्च

प्रिय ठमे,

चालल्या. पहिल्या दिवशी तर असा जीव भांड्यात पडला की मी दुपारी आडवा होऊन घोरलो. आप्पांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर ढकलला, "असं होय" म्हणाले आणि कोट काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तसंच. नंतर मात्र कागद वाचल्यावरही कोट काढेनात. खुर्चीच्या कडेला बसून राहायचे, गुडघ्यांवर हात ठेवून. एका दुपारी कागद माझ्यापुढे धरला आणि हळूच विचारलं, "साहेब, रोज सुट्टी? माझ्याविरुद्ध तक्रार आलीय का?"

मी म्हटलं, नाही हो.

"मग गाडीवर का जाऊ देत नाहीत? मी कुणाला रस्त्यात उतरवलं नाही. कुणाला उलट बोललो नाही." आणि ठमे, ते रडले. आप्पांना मी आईच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं.

त्यांना वाटलं, आपल्याला निलंबित केलंय. मी त्यांच्यासमोर बसलो होतो आणि माझ्या मनात आलं, मलाही महिनाभर अगदी असंच वाटतंय. बापलेक दोघंही समोरासमोर निलंबित.

मी उठलो, त्यांना म्हटलं, चला ड्यूटीवर. हात धरून थेट लॅबमध्ये घेऊन गेलो. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवणार?

बाई म्हणाल्या, "अरे, तुझी रजा आहे ना?"

"बाई, रजा नको. मला काम द्या."

"म्हणजे? तुझ्या बहिणीनं तर लिहिलंय..."

"तिनं लिहिलं. मी बोललोच नव्हतो. आता बोलतो." आणि बोललो. सकाळी मी लवकर येऊ शकतो, तेव्हा आप्पा झोपलेले असतात आणि काकू लक्ष ठेवतात. दुपारी मी लागतोच. मेणाचं काम सकाळी पुरं करीन, पण मग मेणाच्या जागी प्लास्टिक भरून शिजवणं, घासणं दुपारीच होतं, ते दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. आजवर एवढं स्वतःसाठी कधी मागितलं नव्हतं.

काका लगेच म्हणाले, "एक कवळी, दोन हात? जमायचं नाही." मग हातातला जबडा खाली ठेवला आणि अचानक म्हणाले, "बायको अंथरुणाला होती तेव्हा मीही पळायचो. दाढ दुखते म्हणून सांगायचो."

बाई ओरडल्या, "दाढ? दातांच्या लॅबमध्ये? आणि मी तुम्हाला दोन डॉक्टर सुचवले होते!"

"दोघांकडे जाऊन आलो," काका म्हणाले. "एकानं चांगली दाढ काढलीसुद्धा."

आम्ही हसत सुटलो. काकाही हसले, पण डोळे पुसत. बाई म्हणाल्या, करून बघू. पेशंटच्या तोंडात भांडण झालं तर जुनी रीत परत.

या सगळ्यात आप्पा वाटेत उभे होते. पॉलिशवाली पोरगी ट्रे घेऊन आली तर तिला म्हणाले, "पुढे सरका बाई, मागून माणसं चढतायत." ती सरकली. सगळेच सरकले. आप्पा किती तरी दिवसांनी खूश दिसले.

दादा


१२ मार्च

प्रिय दादा,

मी मूर्ख आहे. तिकीट दिल्याशिवाय सुटा पैसा न घेणाऱ्या माणसाला मी रोज घरी बसवत होते.

नवे कागद पाठवतेय. "आज आपली दुपारची ड्यूटी आहे. मार्ग: घर ते दातांची लॅब." बाई चालवून घेतील तितके दिवस वापर. नाही जमलं त्या दिवशी "घर ते बाग" असा दुसरा गठ्ठा आहे. हे तरी तुला विचारून करायला हवं होतं, पण राहवलं नाही.

तुझं पत्र वाचून मी मिशीला बोलावलं. म्हटलं, कारण तुमच्यापाशी ठेवा, फक्त केव्हा कुठे असायला हवं ते सांगा. तर हा एवढा दांडगा माणूस धाडकन खुर्चीत बसला आणि आपण होऊन सगळं बोलला. बायकोला अंग हलवता येत नाही. दिवसा तिची बहीण असते, संध्याकाळी घरी कुणी नसतं. तो डेपोत आल्यापासून संध्याकाळच्या पाळ्या करतोय आणि बायको अंधारात दिवा लावायला याची वाट बघत पडून असते. मी कारण विचारत होते, आणि त्याला दिवा लावायला घरी जायचं होतं. त्याला सकाळची पाळी दिली. गाडी परत आणली की तो माझ्या टेबलाशी बसतो आणि ड्यूट्या लावायला शिकतो. तुमच्या लॅबसारखं, एक काम दोन हात. मॅनेजर म्हणाले, ड्रायव्हरला काय जमणार? मी म्हटलं, शहरातला एकूण एक रस्ता त्याच्या डोक्यात आहे, माझ्या डोक्यात नुसती नावं.

आणि मग मी मॅनेजरांना आप्पांचं सांगितलं. ते म्हणाले, आधी का नाही बोललात? हे सगळे असं का विचारतात रे? आधी विचारलं कुणी होतं?

दादा, मिशी शिकला की मला येता येईल. मला यायचंय. फार यायचंय. आप्पांनी समोरून एकदा ठमे म्हणून हाक मारावी, मला दुसरं काही नको. ते माझी आठवण काढतायत तोवर मला पोचायचंय.

ठमी


२ एप्रिल

प्रिय ठमे,

आधी चांगलं सांगतो. दोन हातांची पहिली कवळी एका म्हातारबाईंच्या तोंडात बसली. डॉक्टरांचा निरोप आला की चाव उत्तम आहे, कारण म्हातारबाई डॉक्टरांच्याच बोटाला चावल्या. काका दिवसभर फुगून बसले आणि संध्याकाळी म्हणाले, पॉलिश जरा बरं हवं होतं.

आप्पा आठवड्यातून दोन-तीन दुपारी लॅबमध्ये येतात. रोज नाही, बाईंनी स्पष्ट सांगितलं. एकदा त्यांनी दातांचा अख्खा ट्रे पाडला आणि आम्ही सगळे टेबलांखाली रांगत दाढा गोळा करत होतो. प्लास्टरची धूळही त्यांना बरी नाही. बाकीच्या दिवशी मी दुपारी घरी असतो आणि सकाळी लवकर जाऊन ते भरून काढतो. दमतो, पण हे माझं दमणं आहे. मी पुन्हा शिट्टी वाजवायला लागलोय असं पॉलिशवाली पोरगी म्हणते.

आता दुसरं. हे पत्र मी आधी लिहून फाडलं होतं.

आप्पा तुझी आठवण काढत नाहीत, ठमे. तुझं नाव त्यांच्या तोंडी शेवटचं केव्हा आलं ते मलाही सांगता येत नाही. मी तुझा फोटो दाखवला तर "कुणाची मुलगी?" म्हणाले. मला ते साहेब म्हणतात, हे तुला मागच्या पत्रात दिसलं असेल. तू त्यावर काही लिहिलं नाहीस, तेव्हा वाटलं, तुला दिसलं आणि तू नजर फिरवलीस. बरं वाटलं मला.

मी तुला येऊ नकोस म्हणायचो ते नोकरीसाठी नाही. वाटायचं, एका तरी ठिकाणी आप्पा शाबूत राहू देत. तुझ्याकडे आहेत ते दारातून ठमे म्हणून हाक मारणारे आप्पा आहेत. इथे आलीस की तेही जातील, मग आपल्या दोघांत मिळून एकही उरणार नाही. इथे मी रोज थोडे थोडे हरवलेले बघतो, त्याची सवय होते. तुला एका दिवसात सगळे हरवलेले दिसतील.

तेव्हा नीट विचार कर. मी ये म्हणत नाही.

दादा


१४ एप्रिल

दादा,

दिसलं होतं. साहेब हा शब्द वाचून मी पत्राची घडी घातली आणि घडीत तो शब्द आला म्हणून पुन्हा उघडून वेगळी घातली.

मिशीनं या आठवड्याच्या ड्यूट्या एकट्यानं लावल्या. दोन चुका, त्या मीही करते. मॅनेजरांनी मेमधल्या दोन आठवड्यांच्या रजेवर सही केली.

तू ये म्हणत नाहीस ते कळलं. मी येतेय. ओळखलं तर ओळखलं. ते हरवतायत त्या घरात मला एकदा तरी असायचंय. आणि तू सगळं एकट्यानं बघतोयस ते मला चालत नाही.

ठमी


२६ मे

प्रिय दादा,

गाडीतच लिहायला बसलेय, म्हणून अक्षर उड्या मारतंय. तू फलाटावर हात हलवत होतास आणि आप्पा तुझ्या शेजारी अगदी ताठ उभे होते. गाडी वेळेवर सुटते की नाही ते बघत असणार.

इतके दिवस तिथे होते तेव्हा तुझ्याशी यावर बोलता आलं नाही. ते सारखे शेजारी उभे असायचे ना. तू म्हणालास ते खरं, आता कळलं फोनवर तुझं काय होत असेल.

पहिल्या दिवशी मी दारात आले तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पटकन कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "मॅडम, तपासायचंय का?" माझ्या हातात डेपोची फाइल होती, त्यावरून त्यांना वाटलं चेकर आला. तू माझ्याकडे बघत होतास, आता ही कोसळते म्हणून. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हटलं, "हो, तपासायचंय."

मग रोज तेच. त्यांनी पिशवी उघडून दाखवायची, त्यात मी पाठवलेले जुने कागद आणि काकूंनी दिलेली बिस्किटं. मी एकेक कागद बघायचा आणि म्हणायचं, "सगळं बरोबर आहे." त्यांचा चेहरा कसा उजळायचा! बापाला शाबासकी द्यायची वेळ किती मुलींवर येते रे? मी पोटभर दिली. कधी वाटायचं, आता म्हणतील ठमे. बिस्किट पुढे करताना एकदा माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार लांबून येता वाटतं, हात गार आहेत."

ठमे नाहीच म्हणाले. शेवटच्या सकाळी मीच म्हणून बघितलं. "आप्पा, मी ठमी." त्यांनी अदबीनं मान हलवली, नव्या साहेबानं नाव सांगितल्यावर हलवतात तशी.

तू लिहिलं होतंस की इथे आलीस की तुझ्याकडचे आप्पाही जातील. गेले, दादा. डोळे मिटले की आता तेच दिसतात, बटणं लावणारे. जुने आणायला गेले तर येत नाहीत. मला त्यांची भयंकर आठवण येतेय आणि ते तर जिवंत आहेत, तुझ्याबरोबर घरी निघालेत.

तू दोन आठवडे दिवसभर लॅबमध्ये राहिलास, ते बघून बरं वाटलं. एवढं तरी माझ्या हातून झालं. पुन्हा येईन की नाही, खरंच माहीत नाही. त्यांच्या दृष्टीनं एक चेकर येऊन गेला. त्यासाठी मिशीला वेठीला धरू का?

ठमी


११ जून

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी लगेच उत्तर लिहिणार होतो. पण म्हटलं, थोडे दिवस बघू आणि मगच लिहू, नाहीतर तुला वाटेल दादा पुन्हा समजूत काढायला काहीबाही रचतोय. म्हणून काकूंनाही विचारून घेतलं. त्यांनीही बघितलंय.

तू गेल्यापासून आप्पा दुपारी कडी हलवत नाहीत. गाडी सुटेल म्हणत नाहीत. जेवण झालं की कोट घालतात, पिशवी उघडून त्यातले कागद नीट लावतात आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवतात. मी पहिल्या दिवशी विचारलं, ड्यूटीवर नाही का जायचं? तर म्हणाले, "थांबा साहेब. मॅडम यायच्यात." काकूंनी बिस्किटं दिली तर त्यातली दोन बाजूला काढतात. हात लावू देत नाहीत. "त्या लांबून येतात. जेवल्या नसतील."

परवा लॅबमध्ये न्यायला बघितलं तर आलेच नाहीत. आपण बाहेर गेलो आणि मॅडम येऊन परत गेल्या तर काय, म्हणाले. शेवटी काका माझा सकाळचा जबडा घेऊन घरी आले आणि आम्ही स्वयंपाकघरात बसून तो पुरा केला. काकांनी थोडा वेळ आप्पांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "कुणाची वाट बघतात रे?" मी सांगितलं. काका कवळी घासत राहिले.

तू इतकी वर्षं आप्पांच्या घरात वाढलीस, आता डेपोत असतेस. तुला तरी सांगायला नको. चेकर चढला की कंडक्टरच्या पोटात गोळा येतो. आप्पा स्वतः घरी येऊन त्या लोकांना काय काय बोलायचे ते आठव. आयुष्यात कुठल्याही कंडक्टरनं चेकरची वाट बघितली नसेल. आप्पा बघतात. खुर्ची टाकून, बिस्किटं राखून बघतात. त्यांना तुझं नाव माहीत नाही, तू कोण ते माहीत नाही. तू नाहीस एवढं मात्र त्यांना रोज कळतं.

मी त्यांना सांगितलंय, मॅडम दुसऱ्या मार्गावर आहेत, येतील. हे मी तुला न विचारता बोललो. तू मला न विचारता बाईंना पत्र लिहिलं होतंस, तेव्हा फिटंफाट.

आजवर तुला येऊ नकोस म्हणत आलो. आप्पा पाचला कोट काढेपर्यंत मीही दाराकडेच बघत असतो, ठमे. मिशीला सांग, तुझी ड्यूटी इथे लावायला.

ये.

दादा